दादींच्या वहीतलं देणं

आपल्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या बाईचा इंतेकाल झाला, की तीन दिवस दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "बडी सब्रवाली थी." वाक्य खरंच असतं. ज्या बाईने सत्तर वर्षं एका घराचा उंबरा सांभाळला, सासू-सासऱ्यांची सेवा केली, पोरं वाढवली, दुष्काळात स्वतःच्या ताटातली भाकरी दुसऱ्याच्या ताटात टाकली, तिला सब्रवाली म्हणायचं नाही तर कोणाला म्हणायचं? पण या एका वाक्यात तिचं सगळं आयुष्य गुंडाळून ठेवलं जातं. तिने काय सोसलं, काय कमावलं, तिचं कोणाकडे काय येणं होतं आणि तिच्यावर कोणाचं काय देणं होतं, याचा हिशेब तिच्याबरोबरच कबरीत जातो.

आमच्या दादींना ही गोष्ट मान्य नव्हती. त्या म्हणायच्या, "लिख को रखो रे, याद का क्या भरोसा." कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती, असा प्रश्न त्या आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा विचारायच्या. सूरह बकराहमधली २८२वी आयत. ती नमाज-रोजाबद्दल नाही, ती देण्याघेण्याबद्दल आहे. उधारीचा व्यवहार केलात तर तो लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. अल्लाह तआलाने सर्वांत जास्त शब्द ज्या गोष्टीसाठी खर्च केले, ती गोष्ट आपण सर्वांत हलकी मानतो, असं दादींचं म्हणणं होतं.

नव्वदी गाठून दादी अल्लाहच्या रहमतीत गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं ते केवळ आमच्या घरची आठवण म्हणून नाही. धाराशिव जिल्ह्यात, एकूणच मराठवाड्यात, त्यांच्या पिढीच्या बाया आता मोजक्या उरल्या आहेत. प्रत्येक घरात अशी एक दादी किंवा नानी आहे, किंवा नुकतीच होती.

एकाच उंबऱ्यावर तीन राज्यं

दादींची जन्मतारीख कुठेच नव्हती. आधार कार्डावर १ जानेवारी छापली होती, जशी त्या पिढीच्या निम्म्या लोकांच्या कार्डावर असते. त्या स्वतः मात्र वय अचूक सांगायच्या, "पुलिस ॲक्शन हुआ तब मैं चौदा की थी." म्हणजे जन्म साधारण १९३४ चा.

नळदुर्गच्या परिसरातलं त्यांचं गाव. त्या जन्मल्या तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि जिल्ह्याला मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचं नावही अधिकृतपणे धाराशिव झालं. दादींनी गाव सोडून कधी मुक्काम हलवला नाही. माहेर आणि सासर यांत चार कोसांचं अंतर. तरी त्यांनी तीन राज्यं पाहिली, दोन चलनं वापरली आणि तीन भाषांत संसार केला. घरात दख्खनी, मशिदीत आणि निकाहनाम्यात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी.

शाळा त्यांनी पाहिली नव्हती. वडील गावातल्या मशिदीत मुलांना शिकवायचे, त्यांच्याजवळ बसून नाझरा कुरआन पूर्ण झाला आणि उर्दू वाचता-लिहिता येऊ लागलं. मराठी अक्षर त्या खूप नंतर शिकल्या, ते कसं ते पुढे येईलच.

जे त्या थोडं थोडं सांगत

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्यांनी ताब्यात घेतला. पाच दिवसांत संस्थान शरण आलं. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो. आमच्या भागातल्या बायांसाठी तो इथून सुरू होतो.

आधीचे महिने गावावर रझाकारांची दहशत होती. कितीतरी हिंदू कुटुंबं घरदार सोडून हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला निघून गेली होती. हे दादी स्वतः सांगायच्या, त्यात काही लपवायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी रझाकारांत जायला नकार दिला होता. पण सूड घ्यायला निघालेली गर्दी कोण कोणत्या बाजूचा होता हे विचारत नाही. फौज पुढे गेली आणि मागे जे झालं त्यात दादींचे वडील एका संध्याकाळी घराबाहेर गेले ते परत आले नाहीत. मय्यतही मिळाली नाही.

पंडित नेहरूंनी या घटनांची पाहणी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं होतं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी गावोगाव फिरून अहवाल लिहिला. सर्वांत जास्त नुकसान झालेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं दिली. पूर्ण संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसांचा जीव गेला, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल सर्वसामान्यांना पाहायला मिळाला तो थेट २०१३ मध्ये. पासष्ट वर्षं तो कपाटात होता, आणि तेवढीच वर्षं आमच्या दाद्या-नान्यांच्या छातीतही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचं रक्षण केलं आणि त्यासाठी स्वतःचे जीवही दिले. दादींच्या कहाणीत हे जसंच्या तसं होतं. शेजारच्या एका कोष्टी कुटुंबाने दादींना, त्यांच्या आईला आणि दोन लहान भावंडांना अकरा दिवस घरात लपवून ठेवलं. दारावर माणसं आली तेव्हा त्या घरच्या म्हातारीने उंबऱ्यात आडवं बसून सांगितलं, की आत माझ्या लेकी आहेत.

दादी हे सगळं एका बैठकीत कधी बोलल्या नाहीत. विषय निघाला की आधी म्हणायच्या, "वो दिनां नक्को याद दिलाव." मग भाजी निवडता निवडता, गोधडी शिवता शिवता एखादा तुकडा सांगायच्या. आमच्या मोठ्या फुफूंनी ते तुकडे वीस वर्षं गोळा केले आणि एका वहीत उतरवून ठेवले. बदला घेण्याची भाषा दादींच्या तोंडून कोणी ऐकली नाही. विसरून जा, असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने वडिलांचा खून हे एक येणं होतं, ते कयामतच्या दिवशी वसूल होणार होतं. आणि कोष्ट्याच्या घरचे अकरा दिवस हे देणं होतं, ते मात्र इथेच फेडायचं होतं.

सव्वापाचशे हाली

दोन-तीन वर्षांनी दादींचा निकाह झाला. विधवा आईच्या घरातून मुलगी निघाली, तिच्याबरोबर दोन लुगडी, एक तांब्या आणि एक कुरआन शरीफ. मेहेर ठरला ५२५ रुपये, सिक्का हाली. निजामाचं हे चलन, ज्याला लोक हाली म्हणत, संस्थान गेल्यावरही आमच्या भागात चालू होतं. हालीचे सात रुपये म्हणजे हिंदुस्थानी सहा रुपये असा हिशेब असे.

१९५९ मध्ये हाली चलन कायमचं बंद झालं. गावात सगळे मडक्यातले, पेटीतले रुपये बदलून घ्यायच्या धावपळीत होते. तेव्हा दादींनी आजोबांना विचारलं, "सिक्का तो जा रहा, मेरे मेहेर का क्या?" आजोबा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न खरा आहे. मेहेर ही काही निकाहाच्या दिवशी वाचून विसरायची रक्कम नाही, ते नवऱ्यावरचं कर्ज आहे. ५२५ ला सातने भागून सहाने गुणलं, तर ४५० रुपये होतात. आजोबांनी दोन हंगामांच्या तुरी विकून ते फेडले, आणि निकाहनाम्याच्या मागच्या बाजूला दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून दिलं.

त्या पैशांतून दादींनी एक शिलाई मशीन घेतलं आणि दोन शेळ्या घेतल्या. आमच्या जिल्ह्याची काळी उस्मानाबादी शेळी कोरडवाहू मुलखात तग धरते, दूध देते आणि बहुधा जुळी पिल्लं देते. चार वर्षांत दोनाच्या अकरा झाल्या. आमच्या अब्बांची तालुक्याच्या शाळेची सोय त्या शेळ्यांच्या जिवावर झाली. आमच्या घरात पहिला पदवीधर झाला आणि पुढे आम्ही शिक्षकी पेशात आलो, त्या सगळ्याच्या मुळाशी वेळेवर दिलेला एक मेहेर आहे. आज किती घरांत मेहेर नवऱ्याच्या मय्यतीपाशी बायकोकडून माफ करवून घेतात! रडणाऱ्या बाईला चारचौघांत विचारलं, तर ती नाही कसं म्हणेल?

कोळशाच्या रेघा

१९७२ चा दुष्काळ आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. विहिरींनी तळ गाठला, जनावरं कवडीमोलाने गेली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची आणि मुलांना सुकडी वाटली जायची. सरकारने रस्त्याची, बंडिंगची, पाझर तलावाची कामं काढली. ज्या बाया कधी वेशीबाहेर गेल्या नव्हत्या, त्या डोक्यावर पदर घट्ट करून खडी फोडायला बसल्या. दादीही गेल्या. आजोबांच्या पायाला दुखापत झाली होती आणि घरात पाच लेकरं होती.

कामावरचा मुकादम हजेरीत घोळ करायचा. सहा दिवस काम केलेल्या बाईचे पाच दिवस लागायचे. दादींनी घरी स्वयंपाकाच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायला सुरुवात केली. आठवड्याला रेघा मोजून सांगायच्या, "छे दिन हुए जी, पाच नै." मुकादम मस्टर दाखवायचा, आणि मस्टर मराठीत. दादींना उर्दू आकडे येत होते, मराठी नव्हते. त्यांनी अब्बांना बसवलं आणि चिमणीच्या उजेडात एका रात्रीत एक ते शंभर आकडे शिकून घेतले. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःचीच नाही, शेजारच्या नऊ बायांची हजेरी वाचली. त्यात मुसलमान होत्या, मराठा होत्या, मांग-महारांच्या होत्या. सगळ्यांचे कापलेले दिवस परत लागले.

आकड्यांमागोमाग अक्षरं आली. आमच्या अब्बांचं, मग आमचं, बालभारतीचं पुस्तक दादींनी आमच्याबरोबर वाचलं. म्हातारपणी त्या चष्मा लावून मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या, ते पाहायला गल्लीतली पोरं यायची.

मय्यतीचे पाच कपडे

शिलाई येणाऱ्या बाईकडे गावात आणखी एक काम आपोआप येतं, बायांच्या मय्यतीला गुस्ल देणं आणि कफन कापणं. कफनाला शिलाई नसते, पण कापड बेतून कापावं लागतं. बाईच्या कफनाचे पाच कपडे असतात, इजार, कुर्ता, ओढणी, सीनाबंद आणि वरचा लिफाफा. दादींच्या पेटीत एका मय्यतीपुरतं पांढरं कापड कायम असायचं. या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालं होतं. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दादी तहज्जुदसाठी उठून अंगणात वजू करत होत्या. त्यांच्या हाकेने आम्ही सगळे बाहेर आलो. आमच्या घराची एक भिंत पडली, जीव वाचले. पण किल्लारीत, आणि आपल्या जिल्ह्यात आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या बाजूला, गावंच्या गावं आडवी झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी दादी गावातल्या चार बायांना घेऊन मदतीच्या ट्रकमधून सास्तूरला गेल्या. बरोबर कापडाचे तागे, कापूर आणि साबण. जिथे पाणी मिळालं तिथे गुस्ल दिला, जिथे नाही मिळालं तिथे तयम्मुम. तीन दिवसांनी परत आल्या तेव्हा दोन दिवस बोलल्या नाहीत. मग आमच्या अम्मीला आणि चाचींना बसवून त्यांनी गुस्लची पद्धत एक एक करून शिकवली. म्हणाल्या, "ये काम एकीच्या भरोशावर नक्को." त्यांचा स्वतःचा वक्त आला तेव्हा त्यांना गुस्ल देणाऱ्या हातांत आमच्यातल्या दोघींचे हात होते. पेटीत कापड तयार होतं.

आठ एकर आणि सात हिस्से

दादींच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आम्हाला विचाराल, तर तो दुष्काळ नव्हे आणि भूकंपही नव्हे. तो होता १९८६ साली आजोबा गेल्यानंतरचा.

आजोबांच्या मागे आठ एकर कोरडवाहू जमीन, दादी, दोन मुलगे आणि तीन मुली. शरीअतचा हिशेब इतका सरळ आहे, की वर्गात मुलांना अपूर्णांक शिकवताना आम्ही आजही हेच उदाहरण देतो. औलाद असेल तर बेवेला आठवा हिस्सा. आठ एकरांचा आठवा हिस्सा एक एकर, तो दादींचा. उरले सात एकर. मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, मिळून सात भाग. म्हणजे मुलांना दोन-दोन एकर, मुलींना एक-एक.

कागदावर एवढं सोपं असलेलं गणित गावात किती अवघड होतं! दादींची चार महिने दहा दिवसांची इद्दत पूर्ण होताच भाऊबंद जमले. ते म्हणाले, मुलींना जहेज दिलंय, आता त्यांचं काय राहिलं? एका कचेरीत गेलो तर तिथल्या माणसाने विचारण्याआधीच सांगितलं, की बहिणींची हक्कसोड करून टाका, म्हणजे फेरफार लवकर होईल. फुफूही म्हणाल्या, "अम्मा, हमना नक्को. मायका टूट जाएगा."

दादींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, जहेज हे हिश्श्याच्या बदल्यात दिलं असं कुठे लिहिलंय ते दाखवा. दुसरी, "मेरा हक अल्लाह दिया सो है, किसी का एहसान नै," आणि जे माझ्याबाबतीत खरं ते माझ्या लेकींबाबतही. तिसरी गोष्ट लेकींसाठी. आधी सात-बारावर नाव लावून घ्या, मग स्वखुशीने कोणाला द्यायचं असेल तर द्या. हातात येण्याआधी सोडलेला हक्क हा खुशीने सोडला की भीतीने, हे अल्लाहलाच माहीत.

इथे हजरत सअद बिन रबी रजि. यांच्या बेवेची हकीकत आठवते. उहुदच्या लढाईत ते शहीद झाले आणि त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्या बाई दोन लहान मुलींना घेऊन पैगंबर साहेबांकडे (स.अ.व.) आल्या आणि फिर्याद मांडली. मग विरासतीच्या आयती उतरल्या. दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश, बेवेला आठवा हिस्सा आणि उरलेलं भावाला, असा निवाडा झाला. ही फिर्याद करणारी बाई बेसब्र होती, असं कोणी म्हणेल का? सब्र म्हणजे हक्क गिळून गप्प बसणं नव्हे, हे दादी या हकीकतीवरून समजावून सांगायच्या.

शेवटी सहाही नावं सात-बारावर लागली. मायका तुटला का? मोठ्या फुफूंनी आपला एकर स्वतः कसायला घेतला. मधल्या फुफूंचा एकर अब्बा बटईने करतात आणि दरवर्षी निम्मा माल त्यांच्या घरी पोहोचतो. धाकट्या फुफूंनी बाजारभावाने आपला हिस्सा भावाला विकला आणि त्यातून मुलीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. तिघीही ईदला माहेरी येतात. दादी म्हणायच्या, पूर्वी लेक माहेरी मेहमान म्हणून यायची, आता मालकीण म्हणून येते.

वही

दादींची स्वतःची एक वही होती. मजकूर उर्दूत, आकडे मराठीत. इंतेकालानंतर जनाज्याच्या वेळी अब्बांनी नेहमीप्रमाणे जाहीर केलं, की मरहूमांवर कोणाचं देणं असेल तर सांगावं. कोणी पुढे आलं नाही. पण वहीत तीन नोंदी सापडल्या. मणेरणीच्या बांगड्यांचे साठ रुपये. आजारपणात राहिलेले सहा रोजे, त्यांचा फिदया. आणि शेजारणीकडून आणलेली एक पायली ज्वारी. तिन्ही देणी तिजा उजाडायच्या आत फेडली गेली. मणेरीण तर पैसे घेताना रडू लागली, तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

हे बारीक वाटेल, पण दीनमध्ये ते बारीक नाही. एका कर्जदाराची जनाजा-नमाज पढवायला पैगंबर साहेब (स.अ.व.) थांबले होते, आणि अबू कतादा रजि. यांनी त्याच्या दोन दीनारांची जबाबदारी घेतल्यावरच पुढे झाले, ही हदीस आपण ऐकलेली आहे. म्हणूनच कफन-दफनाचा खर्च झाला, की वाटणीच्या आधी कर्ज, मग वसियत, आणि मग वारस, हा क्रम ठरलेला आहे.

वहीत वसियतही होती, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. आमचे धाकटे चाचा दादींच्या हयातीतच वारले, मागे एक लहान मुलगी ठेवून. मुलगा आईच्या आधी गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर त्या नातीला दादीच्या विरासतीत हिस्सा येत नाही. अशा वेळी एक तृतीयांशापर्यंत वसियत करण्याचा मार्ग खुला असतो, पण किती आजी-आजोबा तो वापरतात? चाचांच्या हिश्श्यातून आई म्हणून दादींना सहावा भाग आला होता, तो त्यांनी तेव्हाच नातीच्या नावे हिबा केला होता. आणि स्वतःच्या एकरातला तिसरा हिस्सा, तेरा गुंठ्यांच्या आसपास, तिच्यासाठी वसियत केला. ती मुलगी आज बी.एस्सी.ला आहे.

शेवटच्या पानावर एक नोंद होती, जिच्यापुढे आकडा नव्हता. "कोष्टी के घर के ग्यारा दिन." त्या घराला दादींनी आयुष्यभर दर ईदला शीरखुर्मा आणि सुगीला नवी ज्वारी पाठवली. त्या म्हातारीच्या सुनेची तीन बाळंतपणं दादींनी केली. तिच्या नातवाच्या ॲडमिशनला आजोबांच्या वाट्याची शेळी विकली. एवढं करूनही नोंद खोडलेली नव्हती. अब्बांनी ती वही मिटून आम्हाला सांगितलं, की हे देणं आता आपल्या नावावर. आजही सुगीची पहिली पाटी त्या घरी जाते.

आपल्या घरातली वही

हजरत अस्मा बिन्त अबी बक्र रजि. जवळपास शंभर वर्षं जगल्या. हिजरतच्या वेळी शिदोरी बांधायला कमरेचा पट्टा फाडून त्याचे दोन भाग करणारी तरुण मुलगी, ते म्हातारपणी आपला मुलगा अब्दुल्लाह बिन झुबैर रजि. यांची शहादत पाहणारी आई. त्यांचं लांबलचक आयुष्य आज आपल्याला माहीत आहे, कारण ते ऐकणाऱ्यांनी ऐकलं, पुढे सांगितलं आणि लिहून ठेवलं. आपल्या दाद्या-नान्या सहाबिया नाहीत. पण त्यांच्या आयुष्यातही पुढच्या पिढीला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते लिहून ठेवणारे आपणच आहोत.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. कागदावर आईला जागा मिळाली, ही चांगली गोष्ट आहे. घराच्या कागदांवर तिला जागा द्यायची, तर त्यासाठी कोणत्या सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. आम्ही शाळेत दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना एक काम देतो, वाचकांनीही ते आपल्या घरी करून पाहावं.

शंभर पानी एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ बसा. वय विचारू नका, ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढ्या होतात, दुष्काळात कोणतं लेकरू मांडीवर होतं, भूकंपाच्या रात्री कुठे होतात, असं विचारा. मग वर्षं आपोआप लागत जातात. त्यांच्या आईचं आणि नानीचं नाव विचारून लिहा, कारण शजऱ्यात बहुधा पुरुषांचीच नावं असतात. मेहेर किती ठरला आणि दिला गेला का, ते लिहा. दिला नसेल आणि नवरा हयात असेल, तर आज द्या. सात-बारा आणि घराचा उतारा काढून त्यावर त्यांचं आणि घरच्या लेकींचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर वारस नोंदीचा अर्ज करा, आणि कोणी हक्कसोडीचा कागद पुढे केला तर तो घरी आणून शांतपणे वाचा. देणी-घेणी लिहा, राहिलेले रोजे लिहा. बेवारस राहणारं एखादं यतीम नातवंड असेल, तर वसियतीची आठवण अदबीने द्या. आणि ज्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज बसतो, त्यांची घाई करू नका. एका दिवशी एक तुकडा पुरे.

आपण आईबापांसाठी दुआ करतो, कुरआनखानी करतो, फकिरांना जेवण घालतो. हे सगळं कबूल व्हावं. पण ज्या माउलीच्या नावाने आपण हजार लोकांना जेवू घालतो, तिच्या लेकीचा एकर जर आपल्याच खात्यावर चढलेला असेल, तर त्या जेवणाचा सवाब तिला कसा पोहोचायचा, याचाही विचार व्हावा.

अल्लाह तआला आमच्या दादींची आणि आपल्या सर्वांच्या घरातून गेलेल्या दादी-नानींची मगफिरत फरमावो, त्यांच्या कबरी नूरने भरो, आणि ज्या हयात आहेत त्यांचा हक्क त्यांच्या हयातीतच त्यांच्या हातात देण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.